राखाडीखालचा साग

(पडद्यावर: किनाऱ्यावर ओढलेली होडी, फळ्या अगदी जवळून)

हा रंग कुणी लावलेला नाही. ऊन आणि खारा वारा, दोघांनी मिळून सागाला असा राखाडी केलाय. आता मिस्त्रींची पटाशी बघा. एकच हलका हात... आणि खाली तोच सोनेरी साग. खराब झालीय ती वरची कागदाएवढी पापुद्री.

मे सरत आलाय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या झावळ्यांच्या झापांखाली. त्याआधी, लाकूड खडखडीत आहे तोवर हे काम उरकायला हवं.

(पडद्यावर: काथ्याचा ब्रश, बादली)

बादलीत खारं पाणीच आहे. ब्रश फिरतोय लाकडाच्या रेषांना आडवा. उभा फिरवला तर रेषांमधला मऊ भाग निघून येतो आणि फळीला खाचा पडतात. इथे दिसतायत त्या खाचा मात्र प्रेशरच्या पाण्याच्या. मागे कुणीतरी यंत्र लावून धुतली होती, अर्ध्या तासात लख्ख. आता रंधा मारूनच फळी सपाट करायची. जेवढं रंध्याखाली गेलं, तेवढं लाकूड कायमचं गेलं.

(पडद्यावर: फटीत कापसाची वात)

उन्हाने सांधे उघडलेत. कापसाची वात ठोकून बसवतायत, पण गच्च नाही. पाण्यात लाकूड फुगणार, त्याला जागा ठेवावी लागते.

मग तेल. जवसाचं, उकळलेलं. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत मुरतो. फळीचं कापलेलं टोक बघा, लावलं की पिऊन टाकतं. तिथे तीन-तीनदा लावायचं, कारण पाणीही तिथूनच शिरतं. आणि या दोरीवर एकेक पसरलेल्या चिंध्या? तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर तो आपसूक तापून पेट घेतो.

(पडद्यावर: जुनं चित्र, तीन डोलकाठ्यांची युद्धनौका)

ही ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागात बांधली, १८१७ साली पाण्यात उतरली. ओक या विलायती लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागातलं तेल त्यांना सांभाळतं. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून पाण्यावर. आपल्या किनाऱ्यावरच्या सागाला निदान दरवर्षी एक हात तेल तरी मिळायला हवं!

(पडद्यावर: शेजारची फायबरची होडी)

साग महागलाय, मालकाच्या मुलांनी फायबरची घेतली, आणि पुढच्या हंगामात ही सागाची होडी मासेमारीला जाईल का, ते अजून ठरलेलं नाही.

(पडद्यावर: होडीवर झाप चढतायत)

नारळी पौर्णिमेला झाप निघतील. पाण्यात उतरली की एक-दोन दिवस ती थोडं पाणी घेईल. घेऊ द्यायचं, उपसत राहायचं. लाकूड फुगलं की सांधे आपसूक आवळतात.