आधी ऊब, मग घास

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या डिसेंबरात माझ्या भाचीचा नाशिकहून फोन आला. आवाज रडवेला. "मामा, चार दिवस झाले, कासवाने एक दाणा तोंडात घेतला नाही." वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं पिल्लू, पाठ जेमतेम तीन सेंटीमीटर. ठेवलं होतं काचेच्या वाडग्यात, दोन बोटं पाण्यात, शेजारी प्लास्टिकचा माड. मी म्हटलं, "पाण्यात बोट घालून बघ, कसं लागतंय?" म्हणाली, "गारढोण."

तिथेच दुखणं सापडलं. कासव आपल्यासारखी अंगातली ऊब स्वतः राखू शकत नाही. पाणी गार, तर अंग गार. अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि भूकच लागत नाही. आपण मात्र समोर दाणे टाकत राहतो, ते पाण्यात कुजतात, पाणी घाण होतं आणि पिल्लू आणखी आजारी पडतं.

पण त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्याकडचं पिल्लू आहे कोणतं? डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानांतून बहुधा हेच विकलं जातं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं किंवा आपल्या नदी-तळ्यातलं पिल्लू कुणी दिलं असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते घरी ठेवता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते त्यांच्या हवाली करा.

तर स्लायडरसाठी घर कसं हवं? वाडगा आजच बाजूला काढा. काचेची टाकी घ्या. पाणी इतकं खोल हवं, की पिल्लू उलटं पडलं तरी पोहत सरळ होईल. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घाला, म्हणजे क्लोरीन उडून जातं. माशांच्या टाकीत वापरतात तो छोटा हीटर आणि थर्मामीटर लावा, पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवा. पिल्लाला चढता येईल असा एक कोरडा दगड ठेवा, त्यावर ऊब देणारा दिवा. दगडावर ३२ अंशांच्या आसपास असावं. शिवाय यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, दिवा लागतोच. त्या किरणांशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीतून ऊन येतं, मग दिवा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून. आणि वाडगा उन्हात ठेवून देणं तर फारच धोक्याचं, आतलं पाणी बघता बघता तापतं.

आता खाण्याचं. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं पाण्याकडे धावताना तुम्ही पाहिली असतील, तीही सुरुवातीला याच शिदोरीवर तगतात. त्यामुळे नुकतं जन्मलेलं पिल्लू काही दिवस जेवलं नाही तर घाबरू नका. नव्या जागेत भेदरलेलं पिल्लूही आठवडाभर तोंड लावत नाही. या दिवसांत त्याला हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवायला उचलू नका. त्याच्या लेखी वरून येणारा हात म्हणजे बगळाच.

घास पाण्यातच द्या. स्लायडरला पाण्याबाहेर गिळता येत नाही, हे माहीत नसल्याने कितीतरी लोक दगडावर खाऊ ठेवून वाट बघत बसतात. कासवांसाठी मिळणारे बारीक दाणे थोडे भिजवून घाला. नाही खाल्ले, तर गांडुळाचा छोटा तुकडा चिमट्याने पाण्यात हलवा. लहान वयात त्यांना मांसाहारच जास्त लागतो, आणि हलणारं दिसलं की शिकारीची ओढ जागी होते. दिवसातून एकदा, त्याच्या डोक्याएवढंच द्यायचं. वीस मिनिटांनी उरलेलं काढून टाकायचं. पोळी, भात, बिस्किट अजिबात नको. खारवलेली सुकटही नको. समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या अंगातल्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा मात्र टाकीत राहू द्या, त्याने कॅल्शियम मिळतं.

भाचीच्या पिल्लाने हीटर लावल्यावर तिसऱ्या दिवशी गांडूळ ओढलं. दार किंचित लोटून ती बाहेर उभी होती, तिथून कुजबुजत मला फोनवर सांगत होती. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

सगळं जमवूनही दहा-बारा दिवस पोटात काही गेलं नाही, डोळे सुजून मिटले, नाकातून फुगे येऊ लागले किंवा पिल्लू पाण्यात एका कुशीवर कलंडून तरंगू लागलं, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. टाकीला हात लावला की साबणाने हात धुवा, कारण कासवांच्या अंगावर माणसाला जुलाब-तापाने आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर त्यांना टाकीपासून लांबच ठेवा.

हे पिल्लू पुढे ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. जड झालं म्हणून गावच्या तळ्यात सोडू नका. तिथली आपली कासवं त्याच्यापुढे टिकत नाहीत. भाचीने आत्तापासूनच तीन फुटी टाकीसाठी पैसे साठवायला घेतलेत.

नमस्कार.