समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत होतं का?

कोणत्याही व्यक्तिचित्रापुढे उभं राहिलं की माझ्या मनात आधी एकच प्रश्न येतो: समोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होतं का? रंग, प्रकाश, साम्य हे सगळं नंतर. एकाने तासन्‌तास निरखत राहायचं आणि दुसऱ्याने हलायचंही नाही, असं हे नातं. एवढं टक लावून बघायची मुभा एरवी आपण कुणाला देतो?

विन्स्टन चर्चिल यांच्या हाती ‘नाही’ होतं. १९५४ साली, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ब्रिटिश संसदेने चित्रकार ग्रॅहॅम सदरलंडकडून काढून घेतलेलं चित्र त्यांना भेट दिलं. खुर्चीत रुतलेला, थकलेला म्हातारा. चर्चिलना ते मुळीच रुचलं नाही आणि पुढे त्यांच्या पत्नीने ते नष्ट करवलं. आज उरलेत ते फोटो आणि अभ्यासचित्रं. ती बघताना मला फार वाईट वाटतं. आपल्या माणसाचा तो चेहरा जगापुढे नको, असं त्या बाईंना वाटलं असेल, हेही समजतं.

अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइन मात्र स्वतःहून बसली. तिच्याच सांगण्याप्रमाणे पिकासोपुढे ऐंशी-नव्वद वेळा. १९०६ मध्ये त्याने काढलेला चेहरा पुसून टाकला, स्पेनला गेला आणि परतल्यावर ती समोर नसताना नवा चेहरा रंगवला. बैठका फुकट गेल्या असं मला वाटत नाही. त्या झाल्या नसत्या तर तिच्या गैरहजेरीत तो चेहरा त्याला सापडला नसता. स्टाइनने ते चित्र आयुष्यभर जवळ बाळगलं.

आता हुआन दे पारेहा. हा स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचा मदतनीस, आणि त्याच्या मालकीचा गुलाम. १६५० साली रोममध्ये मालकाने त्याचं चित्र काढलं. उभा राहा म्हटल्यावर उभं राहणं त्याला भाग होतं. त्याच वर्षी वेलाझ्केझपुढे पोप इनोसंट दहावेही बसले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. पोपच्या नजरेत संशय आहे, ओठ घट्ट मिटलेले. पारेहा लेसची पांढरी कॉलर घालून, हात अंगाशी घेऊन, थेट आपल्या डोळ्यांत बघतो. सगळी सत्ता चित्रकाराकडे आणि तरी ही नजर झुकलेली नाही. त्यात वेलाझ्केझचा वाटा किती आणि पारेहाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण श्रेय देताना आपण पारेहाला विसरतो आणि तो अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेलाझ्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. अट अशी, की आणखी चार वर्षं चाकरी करायची. पुढे पारेहा स्वतः चित्रकार म्हणून उभा राहिला. १६६१ मध्ये त्याने संत मॅथ्यूच्या प्रसंगावर मोठं चित्र काढलं. त्यात डाव्या कडेला त्याने स्वतःला रंगवलंय, हातात सहीचा कागद घेऊन. मालकाने काढलेल्या चेहऱ्याशी हा चेहरा फारसा जुळत नाही. आपण कसं दिसायचं, हे या वेळी त्याने स्वतः ठरवलं होतं.