वाळू, मणी आणि डब्बा

(दृश्य: झोपडीच्या ओसरीवर आईच्या मांडीवर बाळ)

खोकणाऱ्या बाळाला न्यूमोनिया आहे का, याचा अंदाज श्वास मोजून येतो. पोट वर आलं, खाली गेलं की एक श्वास. झबलं वर करायचं आणि नुसतं बघत राहायचं. बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल, तर थांबायचं. तेव्हाचा आकडा कामाचा नाही. मोजायचं ते पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही.

खोकणाऱ्या दहा मुलांत न्यूमोनिया कुणाला, हे ठरवायला शहरात एक्स-रे आहे. 1980 च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यात डॉक्टरच नव्हता, एक्स-रे कुठला? पण तोवर पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं, की नुसत्या श्वासाच्या वेगावरूनही न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40.

अडचण पुढेच होती. गावातल्या कितीतरी सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या आरोग्य संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्या हाती श्वासमापक दिला: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर ‘डब्बा’, म्हणजे न्यूमोनिया. औषध लगेच सुरू.

हे खरंच चालतं का, तेही तपासलं गेलं. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी 8.1, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत 17.5.

ही कसोटी अचूक नाही, आणि तसं कुणी म्हणतही नाही. तापानं श्वास वाढतो, दम्यानंही वाढतो; गरज नसलेल्या काही मुलांच्या पोटात प्रतिजैविकं जातात. ही किंमत क्षुल्लक नाही. पण जिथून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथे खरा न्यूमोनिया हातून सुटणं जास्त महागात पडतं. श्वासाबरोबर बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ पीतच नसेल, तर मात्र मणी मोजत बसायचं नाही. गाडी मिळेल ती करून दवाखाना गाठायचा.