घरचं कॉकपिट: आधी हातापायांचं बघा

नमस्कार मंडळी. जून २०२५ मध्ये आपल्या सोलापूरच्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून घरी विमानाचा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान चालवायचं नकली कॉकपिट, बांधायला कॉलेजची पोरं माझ्याकडे जास्त यायला लागली. पहिला प्रश्न ठरलेला, "काका, स्क्रीन किती इंची घेऊ?" मी सांगतो, घरात आहे ती राहू दे, आधी पायाखालच्या पेडलचं बघ. विमान डोळ्यांना दिसतं, पण चालवायचं हातापायांनी. पैसा तिथेच घाला.

सिम्युलेटरची सुरुवातही तिथूनच झाली. अमेरिकेत बिंगहॅमटनला एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. ऑर्गनचे भाते त्यानं एका छोट्या कॉकपिटखाली बसवले आणि १९२९ साली यंत्र उभं केलं. दांडा हलवला की भात्यातली हवा कमी-जास्त व्हायची आणि कॉकपिट खरोखर कलायचं. समोर चित्र नव्हतंच! आधी ते करमणुकीच्या बागांत खपलं. १९३४ मध्ये टपाल नेणारी लष्करी विमानं खराब हवेत पडली, वैमानिक दगावले, तेव्हा लष्करानं सहा यंत्रं विकत घेतली.

लिंककडे भाते होते, आपल्याकडे यंत्रमाग आहेत. मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. आमचे वडील ताण्यावर तळहात ठेवून तो कुठे सैल पडलाय ते सांगायचे. मागाचे सुटे भाग करणारा लेथवाला तुमच्या गल्लीत असेल, तर योकचा, म्हणजे विमानाच्या हातातल्या स्टिअरिंगचा, शाफ्ट त्याच्याकडूनच करून घ्या.

माझं पहिलं योक विकतचं. वर्षभरात, हात लावला नाही तरी विमान थरथरू लागलं. आत योक किती हललं ते मोजायला पोटेन्शिओमीटर होता. त्यात पट्टीवर काटा घासतो, पट्टी झिजते, वर आपली धूळ. म्हणून चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर वापरा. चुंबक त्याच्यासमोर फिरतो, काही घासत नाही, मग झिजणार काय? अर्डुइनो लिओनार्डोसारखा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावला की संगणकाला ती जॉयस्टिकच वाटते. हा बोर्ड हालचाल १०२४ पायऱ्यांत मोजतो. चुंबक नीट बसवला नाही, तर त्यातल्या निम्म्याही वापरल्या जात नाहीत.

शाफ्टमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर लोक सॉफ्टवेअरमध्ये डेड झोन (मध्याजवळचा, हालचाल मोजलीच जात नाही तो भाग) वाढवून तो झाकतात. कृपा करून असं करू नका. उतरताना शेवटच्या काही फुटांत नाक हळूहळू उचलायचं असतं. तिथे हाताची हालचाल अगदी बारीक, आणि नेमकी तीच डेड झोन गिळतो.

आता ट्रिम, म्हणजे योक धरून ठेवायचा जोर काढून टाकणारी सोय. इथे मी जरा थांबणार आहे, कारण घरी शिकलेली सवय इथेच उलटी पडते. सेस्ना १७२ मध्ये योक जड लागतं ते एलिव्हेटरवरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीवरच्या) हवेच्या दाबानं. वेग वाढला की ते आणखी जड होतं. वैमानिक योक हवं तिथे धरतो आणि हात हलका होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवतो. सोडल्यावर योक तिथेच राहतं. घरचं स्प्रिंगवालं योक मात्र मध्याकडे ओढतं, त्यामुळे ट्रिम करता करता ते मध्याकडे सोडत यावं लागतं. मोटरवालं फोर्स फीडबॅक योक हे सोडवतं, पण महाग. मी स्प्रिंगचं दुसरं टोक फ्रेमला पक्कं न करता लांब स्क्रूवरच्या नटाला अडकवलं. चाक फिरवलं की नट सरकतो आणि योकचा मध्यच हलतो. मग सॉफ्टवेअरमधल्या ट्रिमला हात लावायचा नाही, नाहीतर दुप्पट होतं.

पेडल आणि खुर्ची एकाच जाड प्लायवर बोल्टनं कसा. नाहीतर उड्डाणाला उजवा पाय दाबला की पेडल फरशीवरून पुढे पळतात.

सगळं झाल्यावर वडिलांना बसवलं. वय ऐंशीच्या पुढे, स्क्रीन त्यांना धूसर दिसते. त्यांनी योक धरलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "डावीकडं ढिलं आहे रे." मला कधी जाणवलं नव्हतं. रात्री उघडून पाहिलं, तर त्या बाजूच्या बेअरिंगचा एक बोल्ट पाव आटा सुटला होता.