अस्वलाच्या मुलखात कमरेला पिस्तूल

जूनमध्ये मंडळातली पाच-सहा कुटुंबं अलास्काला निघाली आहेत, आणि महिनाभर मला एकच प्रश्न येतोय : "काका, तिकडे पिस्तूल बरोबर ठेवावं का?" फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून आज उभा राहिलो. मी २२ वर्षं अलास्कातल्या अँकरेजला राहिलो. कामासाठी नदीकाठाने हिंडावं लागायचं, आणि त्यातली पहिली नऊ वर्षं माझ्या छातीवरच्या पट्ट्यात .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर असायचं.

आधी कायद्याचं बोलतो, कारण इथल्या बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच संपतो. तुम्ही एच-१बीवर असाल, विद्यार्थी व्हिसावर असाल, किंवा आई-बाबा भारतातून फिरायला आले असतील, तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. मित्राने "जरा धर" म्हणून दिलेलं पिस्तूलसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही. अलास्कात तर २००३ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल कपड्याखाली ठेवायलाही परवाना लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र जवळ ठेवता येतं. फक्त जवळ ठेवता येतं, हे नीट ऐका. यलोस्टोन, ग्लेशियर अशा उद्यानांत ते झाडायला मनाई आहेच. आणि गाडीने कॅनडातून जाणार असाल तर पिस्तुलाचा विचार सोडा, सीमेवरच अडवतील.

आता माझी गोष्ट. जुलैचा शेवट, केनाई द्वीपकल्पातली रशियन नदी. सॅमन मासे लाल होऊन वर चढत होते. पाण्याला जोर होता, त्यात माझ्या पावलांचा आवाज बुडत होता. वारा समोरून येत होता, म्हणजे माझा वास माझ्या मागे जात होता. माणूस येतोय हे अस्वलाला कळायच्या दोन्ही वाटा बंद. आल्डरच्या झुडपांतून पायवाट वळली आणि पंधरा पावलांवर मादी उभी. तिच्या मागचं गवत हलत होतं. तिथे पिल्लू होतं हे नंतर लक्षात आलं. तिने मान खाली घातली, कान मागे टाकले आणि निघाली. माझा हात रिव्हॉल्व्हरवर गेला. अंगठा पट्ट्याच्या बटणावर होता, बटण अजून सुटलेलं नव्हतं, तोवर ती तीन-चार पावलांवर येऊन पुढचे पाय रोवून थांबली. तिच्या ओठाखाली लोंबणारी लाळ मला दिसत होती. सडक्या माशाचा वास आला. तिने जोरात फुत्कार टाकला, वळली आणि झाडीत गेली. ती नुसती हूल होती. खरा हल्ला असता, तरी ते बटण तसंच बंद राहिलं असतं.

रात्री हिशेब केला. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, म्हणजे सेकंदाला १४-१५ मीटर. माझी पंधरा पावलं म्हणजे दहा-अकरा मीटर. सेकंदभरही नाही! तेवढ्यात पट्टा सोडायचा, किलोच्या वर वजनाचं हत्यार बाहेर काढायचं आणि खाली-वर होत येणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा. कवटी समोरून उतरती असते आणि त्या मोठ्या डोक्यात मेंदू लहानसा. काळजात गोळी बसली तरी अस्वल जागीच कोसळेल असं नाही; उरलेलं अंतर ते कापू शकतं. .४४चा झटका असा की नळी वर उडते, आणि ती पुन्हा खाली आणायला वेळ उरत नाही. लोक मला विचारतात, .४४चं रिव्हॉल्व्हर घ्यावं की १० मिलिमीटर गोळीचं पिस्तूल? माझ्या मते हा अगदी शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

पण त्या रात्री मला जे जास्त लागलं ते वेगळंच होतं. त्या वळणावर मी गप्प का होतो? तिकडे दाट झाडीत "हे बेअर, हे बेअर" असं मोठ्याने बोलत चालायचं असतं. सुरुवातीला मीही ओरडायचो. छातीवर रिव्हॉल्व्हर असल्याने हळूहळू माझं तोंड बंद झालं. माझी आजी मेळघाटातली, धारणीकडची. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे बायका वेचायला जायच्या त्या एकमेकींना हाका मारत, कारण मोहाखाली अस्वलही आलेलं असायचं. आजीच्या हातात टोपली असायची, दुसरं काही नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि बंदुकीच्या भरवशावर मी ते विसरलो.

पिस्तूल निकामी आहे असं मी म्हणत नाही. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये अलास्कातल्या बंदुकीच्या २६९ घटनांचा अभ्यास छापला. हँडगनने ८४ टक्के वेळा अस्वल रोखलं गेलं, लांब नळीच्या बंदुकीने ७६ टक्के. त्यांच्याच २००८च्या अभ्यासात अस्वल पळवायच्या तिखट स्प्रेने तपकिरी अस्वलाला ९२ टक्के वेळा आवरलं. हे आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल लावतात, ते मला मान्य नाही. स्प्रेच्या घटनांत नुसती हुंगत आलेली, खाण्याच्या आशेने घुटमळणारी अस्वलंही आहेत. बंदुकीच्या नोंदी बहुतेक प्रकरण हाताबाहेर गेल्यावरच होतात. मी त्या अभ्यासातलं दुसरंच वाक्य धरून बसलो आहे : बंदूक झाडलेल्या आणि जवळ असून न झाडलेल्या लोकांच्या दुखापतींत फरक आढळला नाही.

स्प्रेला पिस्तुलासारखा अचूक नेम लागत नाही. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा तो ढग आहे, सात-आठ मीटरांवर उभा राहतो आणि अस्वल त्यात स्वतः शिरतं. जोराचा वारा असला तर तो तुमच्याच डोळ्यांत येईल, हेही खरं. विमानात नेता येत नाही, सामानातही नाही. तिथे उतरल्यावर विकत घ्या. आणि डास मारायच्या औषधासारखा तंबूवर मारू नका. मी असे लोक पाहिलेत. सुकलेल्या स्प्रेच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

एकदा एका परिचिताला खरोखर गोळी झाडावी लागली. अस्वल मेलं, त्याला ओरखडाही आला नाही. अलास्काचा नियम असा की जीव वाचवायला मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी सरकारला द्यायची, नखं कातड्याला तशीच ठेवून, आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल. पावसात आम्ही दोघं चार तास ते सोलत होतो. पंजा सोलताना एकेक बोट सोडवावं लागतं, आणि कातडं निघालेला पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो. त्याने मध्येच सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ नदीकडे बघत बसला. मी काही बोललो नाही.

ज्यांना कायदा परवानगी देतो आणि जे वर्षभर नेमाने सराव करतात, त्यांनी जरूर ठेवावं. बाकीच्यांसाठी मी सरावाच्या स्प्रेचे सहा डबे आणले आहेत, आत तिखट नाही. पट्टा छातीवर बांधा, बॅगेत टाकू नका. अंगठ्याने पिन मागे ओढायची, नळी किंचित खाली. बाहेर पार्किंगमध्ये चला. वारा कुठून येतोय ते आधी बघा, आणि मी "आलं" म्हटल्यावर मला एका सेकंदात पिन निघालेली दिसली पाहिजे. मुलांनाही घ्या.