रीफ टँक घ्यायचाय? आधी पाण्याचा खर्च धरा

नमस्कार मंडळी. नाशिकला समुद्र नाही, कसारा घाट उतरून मुंबई गाठल्याशिवाय खारा वारा लागत नाही, तरी घरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा टँक, असावा असं वाटणारे लोक आपल्याकडे आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की कमीत कमी केवढ्यात होईल. दुकानात गेलं की आधी काच दाखवतात, मग निळी लाईट दाखवतात, आणि निम्मं बजेट तिथंच संपतं. मी म्हणते, हिशोब उलटा करा, पहिला पैसा पाण्यावर घाला.

आपल्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, प्यायला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि बोअरचं असेल तर क्षार भरपूर, त्यामुळे ते टँकमध्ये थेट चालत नाही. आरओचं पाणी लागतं, आणि घरच्या फिल्टरमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) वाढवायची किंवा मिनरल घालायची सोय असते, ती बंद करता येते का ते बघा, नाहीतर पुढे डीआयची, म्हणजे उरलेले क्षार काढणाऱ्या फिल्टरची, छोटी नळी जोडून घ्या, टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. मग मीठ. स्वयंपाकघरातलं मीठ अजिबात नाही, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं, ते रीफ टँकसाठी मिळणाऱ्या खास मिठातून, म्हणजे रीफ सॉल्टमधूनच मिळतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन-पावणेचार किलो, आणि पुढे पाणी बदलताना ते दर वेळी लागणार, हा खर्च कायमचा आहे हे आधीच धरून चाला. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, काटेवाला स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकीचं सांगतो. त्यावर विशिष्ट गुरुत्वाचा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) आकडा १.०२५ च्या आसपास ठेवायचा. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणू नका हो, ते पाणी स्वच्छ नसतं.

आता टँक. छोटा घेतला की स्वस्त पडेल असं वाटतं, पण २५-३० लिटरच्या टँकमध्ये एक दिवस खाणं जास्त पडलं तरी माशांना विषारी असलेला अमोनिया झटकन चढतो आणि थोडं पाणी आटलं तरी खारेपणा हलतो, नवशिक्याला ते सांभाळणं फार अवघड जातं. माझ्या मते २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा साधा काचेचा टँक घ्या, दगड-वाळू घालून शंभरेक लिटर पाणी बसतं. लोकल बनवून मिळतो, सेकंडहँड तर आणखी स्वस्त, फक्त सिलिकॉनचे जोड नीट बघा आणि आधीच्या मालकाला विचारा की यात माशांच्या आजारावर कॉपरचं (तांब्याचं) औषध वापरलं होतं का, कारण कॉपर राहिलं असेल तर कोरल आणि कोळंबी टिकत नाहीत. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या वर जातं, म्हणून स्टँड अंबड किंवा सातपूरला फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या आणि चांगला रंग द्यायला सांगा, खाऱ्या थेंबांनी लोखंड लगेच गंजतं.

चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मशीनचं काय? तो महाग असतो, आणि इथे नाशिकचा फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो पण हवा कोरडी असते, म्हणून पाण्यावर छोटा फॅन सोडला की पाणी उडून टँक दोन-तीन डिग्री थंड होतो, मुंबईच्या दमट हवेत हे एवढं जमत नाही. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नाही. पाणी २५-२६ डिग्रीला ठेवायचं, २८ च्या वर जाऊ द्यायचं नाही, फॅनने भागत नसेल तर खोलीचा एसी लावा. डिसेंबर-जानेवारीत उलट, थर्मोस्टॅटवाला हीटर लागतोच. आणि लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप, तो मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे हार्ड कोरल (दगडासारखा सांगाडा असलेलं प्रवाळ), काळं प्रवाळ, पंख्यासारखं सी फॅन हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, समुद्री घोडासुद्धा. कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, मेलेल्या प्रवाळाचे दगडही नकोत. सिरॅमिकचे दगड मिळतात, पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यावरही बसतात. मशरूम, झोआ, लेदर असे सॉफ्ट कोरल (मऊ, दगडी सांगाडा नसलेले) पक्क्या बिलावर घ्या, त्यांना महागडी लाईटही लागत नाही. झोआ हाताळताना ग्लोव्हज घाला, काहींमध्ये जोरदार विष असतं, आणि झोआ ज्या दगडावर वाढलेत तो दगड कधीही उकळू नका.

टँक लावला की लगेच मासे नाही. मासळी बाजारातून एक कोळंबी आणून टाका, ती सडून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, याला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेली क्लाऊनफिशची जोडी आणा, केंद्र सरकारच्या सीएमएफआरआय या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे पैदा करायची पद्धत कधीच बसवलीय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज नाही. निळा टँग हा मासा मागू नका, तो वाढून फूटभर होतो. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा, मासा खात असेल तरच घ्या. मुंबईहून आणत असाल तर ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि उन्हाळ्यात पहाटेच निघा.