पांदणीतला मुरूम जातो कुठं?

सरपंच, सदस्य आणि रोजगारसेवक मंडळी,

पांदणीचं, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेचं, अंदाजपत्रक हातात आलं की आपली नजर आधी तळाच्या रकमेवर जाते. त्याआधी माती पाहा. वर्धा-यवतमाळकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते अन् पावसात फुगते. तिच्यावर पातळसा मुरूम पसरला, की पहिल्याच झडीत बंडीचं चाक तो खाली दाबतं आणि चिखल वर येतो. लोक म्हणतात, मुरूम वाहून गेला. वाहत नाही हो, तो खाली जातो.

बिघाड बहुधा जेसीबीपासून सुरू होतो. मशीन दोन्ही कडेला नाली काढते अन् निघालेली काळी माती रस्त्याच्या मधोमध टाकते. रस्ता उंच दिसतो, फोटोही झकास येतो. पण तीच माती पाणी धरून बसते. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर टाका.

आता हिशेब. एक किलोमीटर लांब, 3 मीटर रुंद आणि दबल्यावर 20 सेंटिमीटर जाड, म्हणजे 600 घनमीटर मुरूम. सुटा मुरूम तीसेक टक्के जास्त लागतो, म्हणजे साधारण 275 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ट्रॉलीत एक ब्रास धरा, 275 खेपा झाल्या. काम चालू असताना पांदणीच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसवा. मोजमाप पुस्तिकेतला आकडा अन् वहीतला आकडा जुळतो का, ते बिलाआधीच कळेल.

मुरूम दोन थरांत टाका. प्रत्येक थरावर टँकरनं पाणी मारा, मगच रोलर; कोरडा मुरूम नीट दबत नाही. रस्त्याचा मध्य कडेपेक्षा 6 सेंटिमीटर उंच ठेवा. आडवी दोरी ताणली की लगेच दिसतं. नाला आडवा येतो तिथं फूटभर व्यासाचा पाइप घालू नका, तो तुराट्या-पऱ्हाट्यांनी, म्हणजे तूर-कपाशीच्या वाळक्या काड्यांनी तुंबतो. 900 मिलिमीटरचा घाला, नाहीतर सरळ पाणी वरून जाऊ देणारा काँक्रीटचा रपटा करा.

पैशाची अडचण वेगळी. रोजगार हमीत 60 टक्के मजुरी अन् 40 टक्के साहित्य असं प्रमाण आणि पांदण तर मुरूम-रोलरचं काम, म्हणजे मजुरी कमी अन् साहित्य जास्त. म्हणूनच 2021 च्या मातोश्री पाणंद योजनेत राज्याच्या निधीची जोड दिली गेली, आणि मजुरीची कामं सोबत घेऊन प्रमाण जुळवावं लागतं. एवढं जमवून बांधलेल्या रस्त्याची नाली पुढं कोण उपसणार? प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. आपल्या पांदणीच्या अंदाजपत्रकात तसा रकाना शोधून पाहा. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतीच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधला; उरलेला 40 टक्के भाग नाली उपसण्यासारख्या कामांना मोकळा ठेवला. पण ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ओळ नसेल तर खर्च कशातून टाकणार?

राहिली जागा. गावनकाशात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेघेनं दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. वहिवाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली, आणि बांधावरून वाट हवी असेल तर 1966 च्या महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. मोजणी मात्र पेरणीआधीच उरका. एकदा पऱ्हाटी कमरेला लागली, की ती उपटून रस्ता द्यायला कोणी तयार होत नाही.